बगळ्याच्या पोटातली अंडी

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. तुमची कंबर, नातवाचे दात आणि जावईबापूंचा राग, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही बरे आहोत. (माझा गुडघा सोडून; त्याचं पुढे येईलच.)

तुम्ही लेकीकडे गेल्यापासून दादानं फोनवर तुमच्या कानावर काहीबाही घातलंच असेल, म्हणून माझी बाजू लिहितो. वस्तीमागच्या पाणथळीत भराव टाकायचं कंत्राट त्याला मिळालं, तेव्हा मी एवढंच म्हटलं की तिथं पक्षी येतात. तो म्हणाला, ‘मग जातील दुसरीकडे.’ त्यावरून आमचं बोलणं बंद झालं, कारण मला उत्तरच सुचलं नाही. वेताच्या खुर्च्या विणणाऱ्याला उत्तरं उशिरा सुचतात, आणि सुचली तरी तोंडात येत नाहीत, हातात येतात. म्हणून तिथल्याच वाळक्या लव्हाळ्याचा, पाय मुडपून बसलेला, पुरुषभर उंच बगळा विणायला घेतला. वाचनालयाच्या अंगणात तो ठेवायचा आणि तो बघता बघता लोकांनी पाणथळीकडेही बघायचं, असा बेत होता.

लव्हाळं घरी आणू लागलो तर आमच्या हिनं दारातच अडवलं (चिखलाचा वास पडद्यांत बसतो म्हणे), तेव्हा काठावरच मुक्काम ठोकला. एक चप्पल चिखलानं कायमची ठेवून घेतली, जळवा लागल्या, आणि बगळ्याची मान वळवताना माझा गुडघा वळला. येणारेजाणारे थांबत, पण कौतुक भलतंच. एकानं विचारलं, यावर किती जण बसतील? दुसरा म्हणाला, उंट झकास झालाय. पोट विणून झालं आणि मी तापानं आडवा पडलो. उठून बघायला गेलो, तर बगळ्याच्या पोटात पाणकोंबडीनं गवत अंथरून अंडी घातली होती. मला बघून ती हलली नाही. वहिनी, जन्मभर मी बसायच्या वस्तू विणल्या, पण इतक्या विश्वासानं कुणी बसलेलं मला आठवत नाही.

आता बगळा हलवणार कसा? ठरल्या दिवशी वाचनालयात उद्घाटनाला पालिकेच्या अध्यक्षबाई आल्या आणि त्यांनी रिकाम्या चौथऱ्यासमोरची फीत कापली. टाळ्याही पडल्या (सवयीच्या). मग त्यांनी विचारलं, बगळा कुठाय? मी म्हटलं, अंडी उबवतोय. जरा घोटाळा झाला, पण शेवटी बाई चपला हातात घेऊन निघाल्या आणि मागोमाग सगळी सभा. काठावर सगळे ओळीनं उभे राहिले. इथं पाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. बघितलं मात्र त्या दिवशी.

दुसऱ्या सकाळी दादाचे डंपर आले. पुढचा ड्रायव्हर उतरला, अंडी बघून आला आणि म्हणाला, ‘मालकांना बोलवा. मी नाही टाकणार.’ दादा आला. माझ्याशी अबोला, म्हणून बगळ्याकडे बघून म्हणाला, ‘मान चुकलीय.’

‘गुडघा गेला तेव्हाची आहे,’ मी म्हटलं.

तो नव्या बुटांसकट चिखलात उतरला, वाकून बराच वेळ आत बघत राहिला. मग ड्रायव्हरला म्हणाला, ‘अंडी फुटेपर्यंत थांबा.’

तेव्हापासून रोज सकाळी तो रस्त्यावरूनच विचारतो, ‘फुटली?’ मी म्हणतो, ‘अजून नाही.’ दोघा भावांत सध्या एवढंच बोलणं आहे. पण आहे.

नातवाला माझा पापा द्या. दाढी टोचणार नाही अशा बेतानं.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. मुख्य काम राहिलंच. अंडी केव्हाच फुटली. पाणथळ राखायची की नाही, हे आता अध्यक्षबाईंच्या सांगण्यावरून पालिकेच्या सभेत ठरायचं आहे, आणि तोवर डंपर थांबायला हवेत. तुम्ही माहेरी कोंबड्या पाळलेल्या, तेव्हा दादा तुम्हालाच विचारणार. पाणकोंबडीला फार वेळ लागतो, असं सांगा.

आणखी एक ता. क. पत्र टाकायला निघालो तर वाटेत दादा भेटला. आम्ही उभे होतो तेवढ्यात पाणकोंबडी काळीभोर पिल्लं घेऊन आमच्या पुढ्यातून रस्ता ओलांडून गेली. शेवटचं पिल्लू गवतात शिरेपर्यंत दादा बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘फुटली नाहीत ना अजून?’

‘नाही.’

‘मग थांबू,’ म्हणाला.