मधमाश्यांच्या पुस्तकातला खुनी

प्रिय भिंगरी,

जिच्या पायाला भिंगरी म्हणून हे नाव पडलं, तिचाच पाय प्लास्टरमध्ये! आणि वर मला हुकूम, की पुस्तकं पाठव, पण सगळी एका छापाची नकोत. घे, पाच पाठवतेय. माझ्याच हातची बांधणी आहे, त्यामुळे पलंगावर कितीही आपटलीस तरी पान सुटायचं नाही.

सगळ्यात वर दीपगृहाच्या रखवालदाराची रोजनिशी आहे. महिनोन्‌महिने त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, तरी हा गडी मजेत. चार दिवसांत चार भिंतींना कावलेल्या तुला त्याची सोबत होईल. खाली जुन्या पुलांवरचं जाडजूड पुस्तक. नाक मुरडू नकोस. मीही मुरडलं होतं, पण घड्याळजी म्हणाले, पूल कोसळतात ती प्रकरणं आधी वाचा. वाचायला बसले आणि चहा गार झाला तरी उठले नाही. कवितांचं पातळ पुस्तक मात्र औषधासारखं घे, रोज एक पान. गटागटा संपवलंस तर हाती काही लागणार नाही.

घड्याळजी कोण, हे तू विचारणारच. चौकात घड्याळं दुरुस्त करतात ते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे मधमाश्या पाळण्याचं पुस्तक आणि एक रहस्यकथा एकाच दिवशी शिवायला आली होती. तुझे बाबा होते तेव्हा एकेक फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, तपासून माझ्या हातात द्यायचे. आता दोन्ही कामं माझ्याच गळ्यात. त्या दिवशी रहस्यकथेचा शेवटचा फर्मा मी मधमाश्यांच्या एका प्रतीत शिवून टाकला, आणि ती प्रत नेमकी घड्याळजींनी विकत घेतली. पुस्तकावरचा आपला शिक्का बघून पत्ता शोधत आले. म्हटलं, आता होते आपली खरडपट्टी. तर दारातच उभं राहून अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, की खुनी कोण ते कळलं, आता खून कुणाचा झाला तेवढं सांगा. मी इतकी हसले की खळीचं भांडं लवंडलं. बाबा गेल्यानंतर त्या खोलीत मी पहिल्यांदा हसले गं. मग लगेच रडूही आलं. ते सांडलेली खळ पुसत राहिले.

ती दोन्ही पुस्तकं पार्सलात आहेत. दुरुस्त करून देते म्हटलं, तर घड्याळजी मधमाश्यांना हात लावू देईनात. तुला वाचायला म्हणून मात्र लगेच दिली. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, पण या रहस्यकथेला शेवटच नाही. तो मधमाश्यांच्या मागे आहे. बस शोधत.

हे पत्रही तू मागूनच वाचायला घेतलं असशील, म्हणजे एव्हाना तुला कळलंच आहे. घड्याळजी आणि मी लग्न करायचं म्हणतोय. या वयात पोटात फुलपाखरं वगैरे काही नाही, पण त्यांची पावलं जिन्यात वाजली की मला बरं वाटतं. बाबांची आठवण कमी झालेली नाही, आणि व्हावी असं घड्याळजींनाही वाटत नाही. तुला काय वाटेल, या विचाराने हे पत्र तीनदा फाडलं. कामाच्या टेबलाशी बाबांचं स्टूल अजून तसंच आहे. दोन वर्षं घड्याळजी रोज संध्याकाळी येतात, तासभर गप्पा मारतात, पण उभ्याने. परवा मी ते स्टूल पुढे सरकवलं, तरी बसले नाहीत. म्हणाले, लेकीने सांगितलं तर बसेन. तेव्हा प्लास्टर निघालं की ये, आणि तुझं मन होत असेल तर त्यांना बसा म्हण. गुडघे दुखतात गं त्यांचे.

तुझीच,
आई