उजवा कौल

१२ जानेवारी, सोमवार.

आये, आज शाळेत आरोग्य खात्याची माणसं आली होती. मुलांच्या पाठी-दंडांवर फिके डाग आहेत का, ते बघून गेली. कुणाला काही निघालं नाही. मुलं जेवून गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा शिक्षकांना कुष्ठरोगाची माहिती सांगितली. मग मी एसटीने कट्टा गावाहून आचऱ्याला घरी आले. तुला जाऊन अकरा वर्षं झाली.

तुझ्या दंडावरचा डाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तू म्हणालीस, उन्हाचा आहे. ब्लाउजच्या बाहीखाली ऊन कसं पोचतं, हे मी विचारलं नाही. तेव्हा आपल्याला वेगळीच काळजी होती. बाबा एचआयव्हीने गेले आणि जाताना तो तुला देऊन गेले. तुझ्या गोळ्या सुरू झाल्या. त्या आपण मिठाच्या बरणीमागे ठेवायचो, शेजारी कुणी येऊन बघू नये म्हणून. दुसऱ्या महिन्यात तो डाग लाल होऊन सुजला. कोपरात कळा येऊ लागल्या, करंगळी वाकली. एकदा तू चुलीवरचं टोप नुसत्या हातांनी उतरवलंस. बोटांना फोड आले तरी तुला पत्ता नाही. मी चिडले, तर तू हसत म्हणालीस, "चुलीची नि माझी जुनी वळख. ती माका चटको देना नाय."

मला वाटलं, हे सगळं त्या गोळ्यांमुळे होतंय. डॉक्टरांकडे जाऊया म्हटलं तर तू नको म्हणालीस, तिथे रांगेत आपल्या गावचं कोणतरी असतंच. मग मी देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावल्या आणि काय विचारायचं ते मला विचारलं. मागे चार बायका उभ्या होत्या. त्यांच्यासमोर रोगाचं नाव कसं घेऊ? मी एवढंच म्हटलं, आईला नवीन औषध बाधत असेल तर सांग. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बाधत आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा." थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली. त्या संध्याकाळी मी गोळ्यांचा डबा तुझ्या हातातून काढून घेतला. तू बोटं सैल केलीस.

महिन्याभरात डाग निवला, कळा थांबल्या. मी देवाला नारळ दिला.

पुढे तुला ताप लागला, खोकला लागला, तू अर्धी झालीस. इस्पितळात डॉक्टरांनी तुझा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, हिला कुष्ठरोगही आहे. मग आवाज चढवून विचारलं, आधीच्या गोळ्या कुणी बंद केल्या? मी भिंतीला टेकून उभी होते. तुला धड श्वास घेता येत नव्हता, तरी लेकीवर काही येऊ नये म्हणून तू म्हणालीस, "मीच सोडलंय. माझ्या चेडवाक कायच म्हायत नाय." आठ दिवसांनी तू गेलीस.

आज सगळे चहाला उठले तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना बाजूला गाठून, एका बाईचं असं झालं, ते कशाने, म्हणून विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं. काहींच्या अंगात कुष्ठरोगाचे जंतू आधीपासूनच असतात, पण एचआयव्हीने शरीराची ताकद गेलेली असते, म्हणून शरीर जंतूंशी लढत नाही. गोळ्यांनी ती ताकद परत येऊ लागली की लढाई सुरू होते. त्यानेच डाग पेटतो, नसा सुजतात. तेव्हा गोळ्या थांबवायच्या नसतात. सूज उतरवण्याचं आणि कुष्ठरोगाचं औषध जोडीला द्यायचं असतं. मी विचारलं, आणि गोळ्या सोडल्यावर डाग निवला तर? त्या म्हणाल्या, "मग लढायला कोणी उरलं नाही, असं समजायचं."

म्हणजे तू बरी होत होतीस, आये. त्याच महिन्यात बरी होत होतीस.

देवाला मी बोल लावत नाही. मी त्याला अर्धंच सांगितलं होतं. गोळ्या सोडल्या तर काय होईल, हे तू मात्र जाणून होतीस आणि तरीही तो डबा मला घेऊ दिलास. तुझाही कौलावर विश्वास होता की मला दुखवायचं नव्हतं, हे मला आता कळायचं नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या तुमच्या कोण?"

मी म्हटलं, "शेजारीण."

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. आता उठते. एक वाटी तांदूळ धुवून कुकर लावते.