दीपगृहावरून रानडुकराकडे पाहताना

सेंदाई (जपान), रविवार

तीर्थस्वरूप नीलकंठमामांस,

पुष्करचा साष्टांग नमस्कार (जमिनीवरून घालतो आहे, झाडावरून नव्हे, असं का लिहिलं ते पुढे कळेलच). तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता? फोनवर विचारलं की तुम्ही "ठीक" म्हणून ठेवून देता आणि मेसेजला अंगठा पाठवता, म्हणून सरळ कागद-पेन घेऊन बसलोय. डावा पाय मुरगळल्यामुळे ऑफिसनं चार दिवस घरून काम करायला सांगितलंय, त्यामुळे वेळ भरपूर आहे.

पाय कसा मुरगळला ते सांगायचं तर अनघाच्या मळ्यापासून सुरुवात करावी लागेल. पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून ती माझ्यामागे इथे आली, हे तुम्हाला माहीत आहे. पहिलं वर्ष तिनं खिडकीत बसून काढलं. मग गावाबाहेर कोन्नो-सान नावाच्या शहात्तर वर्षांच्या शेतकऱ्यानं त्यांच्या रताळ्यांच्या शेताशेजारचा एक तुकडा तिला कसायला दिला आणि माणूस बदललं. बसनं चाळीस मिनिटं जाऊन ती मेथी, मुळा, कोथिंबीर लावायची, आणि घरी आल्यावर जेवताना बोलायची. मामा, ती जेवताना बोलते हे मी विसरूनच गेलो होतो.

ऑक्टोबरात रानडुकरांनी तो मळा दोनदा नांगरला. दुसऱ्या खेपेला अनघा भांडली नाही, रडली नाही. ती म्हणाली, "आता मी पुन्हा पेरणार नाही. मार्चमध्ये शाळा संपली की मी आणि आर्या पुण्याला जातो. तू कॉन्ट्रॅक्ट संपवून ये." आणि तिनं तिकिटंही काढली (म्हणूनच तुम्हाला विमानतळावर घ्यायला या असं कळवलं होतं, खरं कारण मात्र लपवलं, क्षमा असावी). त्या क्षणी मी ठरवलं, की त्या डुकराचा बंदोबस्त केल्याशिवाय हा पुष्कर स्वस्थ बसणार नाही.

कोन्नो-सानांकडे बंदूक आहे, परवाना आहे आणि मळ्याच्या कडेच्या झाडावर चार मीटर उंच मचाण आहे. नेम अजून पक्का, पण एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अंतराचा अंदाज येत नाही. त्यांचा नियम असा, की जनावर झाडापासून वीस पावलांच्या आत आल्याशिवाय गोळी झाडायची नाही, नाहीतर ते जखमी होऊन रानात तडफडत हिंडतं. आणि दहा पावलांच्या आत आलं तरी झाडायची नाही, कारण मग आपण थेट त्याच्या पाठीवरून बघतो, नेमाला कण्याची एक पट्टी तेवढी उरते. मधल्या दहा पावलांत ते आडवं उभं राहिलं, तरच गोळी खांद्यामागून शिरून खाली छातीतून पार होते. म्हणजे त्यांना फक्त अंतर आणि कोन सांगणारा माणूस हवा होता. मामा, मला हसू आवरेना. ज्यानं दहावीला तुमच्या हातचे पट्टीचे फटके खाऊन उन्नत कोन आणि अवनत कोन पाठ केले, त्याला हे अवघड? उंटावरून शेळ्या हाकणारे लोक आपण, झाडावरून एक डुक्कर मोजायला काय लागतं!

लेझरचं यंत्र मी मुद्दामच घेतलं नाही. ते आपलं तिरकं अंतर दाखवतं, म्हणजे कर्ण, आणि आपल्याला हवा पाया. मी कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याला दोरा आणि एक नट बांधला आणि शनिवारी पहाटे मचाणावर चढलो. उंची चार मीटर, अधिक बसलेल्या निरीक्षकाचा डोळा एक मीटर (हे विसरलं की तुम्ही अर्धा गुण कापायचात, म्हणून आधी तेच मांडलं). उजाडता उजाडता डुक्कर आलं. अवनत कोन अठरा अंश. एक पाऊल म्हणजे एक मीटर धरून मी वहीत गणित सोडवलं, खाली रेघ मारली आणि कुजबुजलो, "पंधरा." कोन्नो-सानांनी नेम धरला, क्षणभर थांबले आणि बंदूक खाली घेतली. डुक्कर गेल्यावर ते मुकाट्यानं खाली उतरले आणि पावलं मोजत गेले. सव्वीस भरली! कारण मळा उताराचा आहे आणि तुमच्या प्रत्येक गणितात पहिली ओळ असायची, "जमीन सपाट आहे असे मानू." मीही मानली होती.

हातपाय गाळणारा मी नव्हे. पुढच्या शनिवारी उताराचा हिशोब टाळायचा म्हणून झाडाजवळच्या सपाट भागात थेट पंचेचाळीस अंशांवर लाल फीत बांधली. पंचेचाळीसला पाया आणि उंची समान, आकडेमोडच नको! डुक्कर फितीशी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. कोन्नो-सान डोळ्यांनी विचारत होते, मी हातानं थांबवत होतो. ते फितीशी आलं आणि मी विजयानं म्हणालो, "पाच!" पाच पावलं म्हणजे त्यांच्या नियमातल्या किमान दहाच्या निम्मी. आमच्या खाली नुसती काळी पाठ दिसत होती. तिनं फीत हुंगली, खाल्ली आणि निघून गेली. उतरताना माझी शेवटची पायरी चुकली. घरी आल्यावर आर्यानं जपानीत काहीतरी म्हटलं, अनघा खूप दिवसांनी हसली, आणि अर्थ मला कुणीही सांगितला नाही.

लंगडा झालो तरी माझा पण मोडणार नव्हता. आज पहाटे मी अनघाला म्हटलं, कोनमापक घेऊन तू चढ, मी मळ्यातल्या खोपटातून सूचना देतो. ती गमबूट घालून चढली, कोनमापक मात्र माझ्याच हातात ठेवून गेली. वर जाऊन तिनं कोन्नो-सानांना एवढंच सांगितलं, की रताळ्यांच्या शेतात असेल तर लांब आहे, कोथिंबिरीत आलं तर जवळ आहे, मेथी म्हटलं की झाडा. तो मळा तिनं दोन वर्षं पायांनी मोजला होता, वाफे तिनेच आखले होते, आणि कोन्नो-सानांना तो आपल्या तळहातासारखा पाठ.

डुक्कर रताळ्यात आलं. ती गप्प. मुळ्यात आलं, तोंड आमच्याकडे. ती गप्पच. मी खोपटात दातओठ खात वहीत काय काय मांडत होतो. मग ते मेथीच्या उजाड वाफ्यात शिरलं, आडवं वळलं, आणि ती शांतपणे म्हणाली, "मेथी." एकच बार झाला. जनावर जागच्या जागी पडलं. पावलं भरली चौदा.

कोन्नो-सानांनी खाली उतरून त्याला हात जोडले. अनघानंही जोडले आणि मग ती तिथेच वाफ्याच्या कडेला बसून रडली. मळ्यासाठी की त्या जनावरासाठी, मी विचारलं नाही. मलाही रडू आलं, ते मात्र पायामुळे.

थोडक्यात, तुमच्या शिकवणीचा सोळा आणे उपयोग झाला, हे कळवायला हे पत्र. थोरांस नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा,
पुष्कर

ता. क. इथल्या रीतीप्रमाणे शिकारीतला वाटा मचाणावरच्या प्रत्येकाला मिळतो आणि तो नाकारणं म्हणजे अपमान. त्यामुळे आमच्या फ्रीजरमध्ये, आईनं पाठवलेल्या पुरणाच्या डब्याखाली, दोन किलो रानडुक्कर आहे. आईला यातलं अक्षरही कळू देऊ नये.

ता. क. २. दुपारी अनघानं मेथी पेरली, वर प्लॅस्टिक अंथरलं आणि मार्चची तिकिटं रद्द केली. तेव्हा विमानतळावर आम्हाला घ्यायला येऊ नका. आलातच तर बॅग भरून या आणि तसेच पुढे विमानात बसा. चौतीस वर्षं तुम्ही फळ्यावर दीपगृह काढलंत आणि एकदाही त्यावर चढला नाहीत. इथून गाडीनं अडीच तासांवर एक आहे, वर जाऊ देतात. गुडघ्याचं बघू, मी मागून ढकलेन. कोन्नो-सानांनाही तुम्हाला भेटायचंय. जमीन सपाट नसते हे त्यांना तुम्हाला स्वतः दाखवायचं आहे.

ता. क. ३. बोलावण्याची कल्पना माझी नाही. अनघा म्हणते, मामी गेल्यापासून मामा उभ्यानंच जेवतात, फोनवरच्या आवाजावरून कळतं. मला काही कळलं नव्हतं. पण अंदाज तिचा आहे मामा, तेव्हा वाद घालू नका. या.