गोराईहून परत आणलेले मासे

प्रिय सुमी,

आज दुपारी मी आणि वसंता तुझे मासे घेऊन गोराईला गेलो होतो. समुद्रात सोडायला. आणि संध्याकाळी तेच मासे घेऊन परत आलो! तुझा भाऊ आता गॅलरीत तोंड फिरवून बसलाय. चहा केला, तोही त्याने घेतला नाही. मीना नागपूरला सासरी परत गेली, आक्का मुलुंडला, त्यामुळे घरात बोलायला दुसरं कोणी नाही. म्हणून तुलाच लिहितोय. नाहीतरी हा घोळ सगळा तुझाच आहे.

तू गेल्यापासून मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय. तुझ्या माशांच्या पेटीचं काय करायचं, एवढा साधा प्रश्न. पण त्याचं उत्तर देणारी एकच बाई होती आणि ती काही न सांगता निघून गेली. शेवटी इस्पितळात शुद्धीवर आलीस तेव्हा काय विचारलंस? "पंप चालू आहे ना?" मी म्हटलं, हो. तू डोळे मिटलेस. अगं, पुढचं कोण सांगणार? पंप चालू ठेवायचा की नाही, किती दिवस, कोणासाठी?

लोक घरात कुत्रा पाळतात, पोपट पाळतात. तू समुद्र पाळलास! तोही बोरीवलीत, दुसऱ्या मजल्यावर, जेवायच्या टेबलाशेजारी. टेलिफोन एक्स्चेंजच्या मैत्रिणींबरोबर गोराईला सहलीला काय गेलीस आणि डब्यातून ते समुद्रफूल काय घेऊन आलीस! दगडाला चिकटलेलं, बोट लावलं की मिटणारं. ते दोन दिवसांत मेलं आणि तू दोन दिवस जेवली नाहीस. मला वाटलं, संपलं एकदाचं. कसलं संपतंय? पुढच्या महिन्यात मीच कारखान्यातून येताना पेटीसाठी काच कापून आणली.

मग ते पाणी. किनाऱ्याचं गढूळ चालायचं नाही, होडीवाल्याकडून आतलं, खोल समुद्रातलं मागवायचं. कॅन रिक्षात घालून आणायचे आणि न्हाणीघरात निवळत ठेवायचे. आपण मात्र एका बादलीत आंघोळ उरकायची. त्यातून पेटीतलं पाणी उडून कमी झालं की तू नळाचं गोडं पाणी ओतायचीस. मी म्हणायचो, वेड लागलंय का, समुद्राच्या माशांना गोडं पाणी? तर म्हणालीस, "मीठ कुठे उडतं? पाणीच उडतं. मग पाणीच घालायचं." तुझ्या सगळ्या बोलण्यात हे एक वाक्य माझ्या डोक्यात नीट बसलंय. अजून तसंच करतो.

सोसायटीतली मुलं रविवारी आपल्याकडे टीव्ही बघायला यायची आणि पेटीच बघत बसायची. आपला टीव्ही काळापांढरा, पेटी रंगीत. काय तोरा होता तुझा तेव्हा!

आणि ती चादर आठवते? आपण मालवणी माणसं, बुधवार-रविवार मासळीशिवाय घास उतरत नाही. तर जेवायला बसण्याआधी तू पेटीवर चादर टाकायचीस. मी तळलेली कोलंबी खाताना माशांनी बघू नये म्हणून! बरं, त्याच कोलंबीतली एक तू सकाळी ब्लेडने बारीक चिरून त्यांना भरवलेली असायची. मग लाज कोणाची राखायची, त्यांची की माझी? विचारलं की हसायचीस नुसती. सुमी, एवढ्या वर्षांत मला ते कळलं नाही.

तू गेलीस आणि माझी आक्का मुलुंडहून आली. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. पहिल्याच दिवशी तिने फर्मान काढलं, "सुतकात घरात मासळी नको हां, दत्ता." मी म्हटलं, मला नकोच आहे, पण पेटीतल्यांचं काय? ते कोलंबी खातात. आक्का विचारात पडली. मग म्हणाली, "तेंका भात घाल. घरचेच मां ते? मग सुतक तेंकाय आसा."

सुनेचं सुतक घरच्यांना असतं, मासे घरचे आहेत, म्हणजे माशांना सुतक आहे. मला त्या दिवसांत कोणी काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं. आक्काने भाताची शितं अगदी मायेने पेटीत सोडली. तुझ्या नारिंगी माशाने, त्या मास्तराने, एक तोंडात घेतलं आणि थुंकलं. बाकीची तळाला गेली, कुजली, पाणी दुधासारखं झालं. तुझा निळू मेला गं.

आक्का त्या बोटभर माशासाठी जेवढी रडली तेवढी तुझ्यासाठीही रडली नव्हती. खोटं नाही सांगत. म्हणजे तुझ्यासाठीचंच रडणं तिला तेव्हा आलं असावं. निळूला आम्ही कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. मग मी न्हाणीघरातल्या कॅनचं पाणी घालून अर्धी पेटी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन चार कोलंब्या कागदात गुंडाळून आणल्या. आक्का भिंतीकडे तोंड करून बसली. "मी काय्येक बघूक नाय हां," एवढंच म्हणाली.

पण खरी गंमत दहाव्याची आहे. तू होतीसच ना तिथे? मग तुला ठाऊक असेल. तळ्यावर पिंड मांडले. कावळे झाडावर होते, हवे तेवढे. एकही खाली उतरेना. आक्का म्हणाली, "सुमन, मीनाची काळजी करू नकोस." नाही. मीना म्हणाली, "आई, बाबांना मी बघेन." नाही. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करू का म्हणून विचारायला लागले. मला नको होतं ते. गवताचा कावळा काय सांगणार मला, तू सुटलीस की नाही ते?

मग माझ्या एकदम लक्षात आलं. मासे! मी हात जोडले आणि म्हणालो, "सुमी, तुझे मासे मी सांभाळीन." आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वसंताच्या डोक्यातही नेमकं त्याच क्षणी मासेच आले. तो ओरडला, "ताई, तुझे मासे मी समुद्रात सोडीन!" दोघांचं एकदम. आणि कावळा झपकन उतरला, पिंडाला शिवला.

आता सांग, कशाला शिवला?

मी म्हणतो माझ्या शब्दाला. वसंता म्हणतो त्याच्या. भटजींना विचारलं, ते सामान आवरत म्हणाले, "शिवला ना? मग झालं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." आक्का म्हणते, वसंता जन्मापासूनचा भाऊ, त्याला बहिणीचं मन जास्त कळणार. नवऱ्याला काय कळतं! मीना म्हणते, आधी आईच काय म्हणायची ते आठवा. ते आठवलं की आणखी गोंधळ. एकदा गोराईच्या खडकांवर बसून तू म्हणाली होतीस, "ह्यांना कधीतरी सोडायला हवं हो." आणि त्याच पावसाळ्यात दिवे गेले, पंप बंद पडला, तू पहाटेपर्यंत मगाने पाणी वरखाली करत बसलीस आणि म्हणालीस, "हे माझ्याशिवाय एक रात्र नाही काढायचे." दोन्ही तूच. मी कोणत्या सुमीचं ऐकू?

वसंता रोज यायला लागला. तुला तर माहीतच आहे तो. एकदा डोक्यात घेतलं की वाट लागली समोरच्याची. म्हणे ताई स्वप्नात येते, काही बोलत नाही, नुसती पेटीजवळ उभी राहते. माझ्या स्वप्नात तू एकदाही आली नाहीस. का गं? मला राग आला, पण कोणावर काढायचा? शेवटी म्हटलं, चल बाबा, सोडून येऊ.

आज निघालो. मास्तर, त्याची बायको, तो शंखातला खेकडा आणि तुझं नंतरचं समुद्रफूल चिकटलेला दगड, असे दोन कॅनमध्ये. खाडी ओलांडली, पलीकडे टांगा केला. टांगेवाल्याला वाटलं आम्ही ताडी आणायला निघालोय. किनाऱ्यावर आम्ही पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्या आणि पाण्यात उतरलो. खेकडा कॅनमध्ये टकटक करत होता.

"ओता ना भावोजी," वसंता म्हणाला.

"पाणी बघ किती गढूळ आहे."

"समुद्र आहे तो. गाळून देऊ का?"

"अरे, हा मास्तर इथला नाही. रामेश्वराकडचा आहे, दुकानदाराने सांगितलेलं. ह्याला इथे कोण ओळखणार?"

"ताईला कोण ओळखत होतं इथे? वेंगुर्ल्याहून आली, राहिलीच ना?"

मी झाकण काढलं, कॅन तिरका केला. हात आत होता माझा. मास्तर वर आला आणि नेहमीसारखा माझ्या बोटाला तोंड लावून बघायला लागला, कोलंबी आहे का. आणि मला ओतता येईना. हात वळेचना. वसंता म्हणाला, द्या इकडे, मी ओततो. तर मी त्याच्यावर ओरडलो. भर किनाऱ्यावर, पाण्यात उभं राहून, पन्नाशीचा माणूस मेव्हण्यावर ओरडतोय! म्हणालो, हात लावलास तर याद राख.

तो रडायला लागला. मीही. लोक बघत होते.

परतीच्या टांग्यात तो एवढंच बोलला, "तिचा जीव अडकून राहील त्या घरात. तुम्हाला चालेल?" पण एक सांगायला हवं. मी झाकण लावलेलं पाहून त्यानेच जड कॅन उचलला होता, दगडाचा, आणि घरापर्यंत मला हात लावू दिला नाही. रागातसुद्धा हिंदकळू देत नव्हता. तुझाच भाऊ आहे.

आता मासे पुन्हा पेटीत आहेत. मास्तर थोडा वेळ कोपऱ्यात रुसून बसला, आता फिरतोय. फूल अजून मिटलेलंच आहे. उमलेल का गं? मला यातलं काय कळतं?

वसंताचं बोलणं मात्र डोक्यातून जात नाहीये. तिचा जीव अडकून राहील. हे ऐकून मी घाबरायला हवं होतं ना? टांग्यात मला त्याचं बरं वाटलं, सुमी. चक्क बरं वाटलं! तेव्हापासून स्वतःचीच लाज वाटतेय, आणि बरं वाटणं काही थांबत नाहीये. हे कसलं लक्षण, तूच सांग.

तेव्हा आता ऐक, या खेपेला मध्ये बोलायला कोणी नाही. मी तुला वचन देतो की हे मासे मी सोडणार नाही. पाणी बदलीन, पंपाचं तेलपाणी बघीन, कोलंबी चिरून भरवीन. तुला ते सांभाळायलाच हवे असतील, तर उत्तम. सुखाने जा. आणि सोडायला हवे असतील, तर तुझी इच्छा राहिली म्हणायची. तसं असेल तर रागाव, भांड, रोज ये आणि पेटीजवळ उभी राहा. पण जाऊ नकोस.

तुझा,
दत्ताराम