एकाच कपाटातल्या बशा

३ मार्च, सोमवार
नात आज न जेवताच गेली! प्रयोगशाळेत. मेंदूतल्या मज्जापेशी काचेच्या बशीत वाढवते, मी कुंडीत रोपं लावते तशा! अर्ध्या बशांत थेंबभर दारू, अर्ध्या कोऱ्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, तरी बसून समजावते बिचारी. पेशीत जनुकं असतात म्हणे — कामाच्या चिठ्ठ्याच त्या. दारू लागली की काही मिटतात, काही नको तेव्हा उघडतात. ते मोजायचं. पण दोन्हीकडे सारखंच येतंय! सर म्हणाले, "तुझाच हात चुकतो. महिनाअखेर फरक दिसला नाही तर काम दुसऱ्याला." मेल्याचं काय जातंय बोलायला.

४ मार्च
एकच पातेलं तीनदा घासलं. जीव थाऱ्यावर नाही.

५ मार्च
डबा विसरली, म्हणून नेऊन दिला. पायांत पिशव्या, डोक्याला टोपी — काचेत बघून मीच हसले! तिने पेशी वाढवायचं गरम कपाट उघडून दाखवलं. दारूच्या बशा वर, कोऱ्या खाली. झाकणं सैल, पेशींना हवा लागते ना. मी सहज म्हटलं, "अगं, चहापूड आणि साबण एका फळीवर ठेवतं का कोणी? वास लागतो!"
पोरीने वरची फळी बघितली, खालची बघितली. मग, "आजी, तू घरी जा. नाही, बस. नाही, जा!"
दारू उडते म्हणे. उडून शेजारच्या बशीत उतरते!

६ मार्च
कोऱ्या बशांना आता वेगळं कपाट. सगळं पहिल्यापासून. मी नुसती येरझाऱ्या घालतेय. हे म्हणाले, "बस की जरा खाली!" आणि पेला टेबलावर आपटला. बेचाळीस वर्षं आपटतायत, रोज संध्याकाळी. पेला वाजला की माझा हात आपोआप खिडकी लावतो. पुढचं शेजाऱ्यांना ऐकू जायला नको.

१७ मार्च
अजून काही नाही. विचारलं तर खेकसते.

२४ मार्च, सोमवार
फरक आला! आला! फोनवर दोघी ओरडलो. सर म्हणाले, "आजींना चहाला घेऊन ये." भाजीवालीलासुद्धा सांगून आले मी! तिला काय कळलं कोण जाणे, पण हसली.
नात म्हणाली, "आजी, आधीच्या कोऱ्या बशांत मी थेंबसुद्धा टाकला नव्हता गं. तरी त्या बदलल्या होत्या."
संध्याकाळी पेला वाजला. हात खिडकीकडे गेला. मी त्या हाताकडे बघत राहिले.

२५ मार्च
अंथरूण उचललं, नातीच्या खोलीत टाकलं. हे म्हणाले, "मी काय तुला पाजली होती?"
म्हटलं, "नाही हो. पण कपाट एकच होतं ना!"