बैठकीतला हात

अब्बा, गेल्या शुक्रवारी इथं कुवेतच्या राई भागातल्या एका गॅरेजात आपल्या गावाची बैठक झाली आणि तिथं तुमचं नाव निघालं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी उमेदवार ठरवायची वेळ आली की तुमचं नाव निघतंच, आणि ते निघालं की सगळे माझ्याकडं बघतात. कुवेतमध्ये परक्या माणसानं राजकारण करायचं नसतं, म्हणून बैठकीला बैठक म्हणत नाहीत. कुणीतरी कायमचा गावाला चाललाय, त्याचं जेवण आहे, असं सांगायचं आणि जुम्याच्या नमाजानंतर बिर्याणीची देग चढवायची. यंदा ज्याच्या नावानं देग चढवली तो कुठंच जाणार नव्हता. तरी दोघातिघांनी त्याला गळामिठी मारून निरोप दिला, आणि बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणीही आलं. आपली माणसं अशीच आहेत, हे मी तुम्हाला काय सांगू.

तालुक्याहून पक्षाचा निरोप होता की पंचायत समितीला तुमच्या गावातून एकच नाव द्या, आणि ते तुमचं तुम्ही ठरवा. गावात ठरेना, म्हणून नेहमीप्रमाणे कुवेतवाल्यांचा शब्द मागितला. घरटी एक माणूस इथं आहे, तेव्हा इथला शब्द म्हणजे गावाचा शब्द, हा रिवाज तुमच्याच वेळचा. नावं दोन होती. एक थोरल्या सेठच्या मुलाचं. थोरले सेठ आता नाहीत, पण त्यांची इथली कंपनी आहे, आणि गावातली निम्मी पोरं अजून त्या कंपनीच्या व्हिशावर आहेत; मीही त्यांच्याच वखारीत स्टोअरकीपर आहे. दुसरं नाव एका बाईचं. तुमच्या उमेदवारीच्या बैठकीत तुमच्या नावाला ज्या चौघांनी हात वर केले होते, त्यातल्या तांडेलची ही धाकटी मुलगी. बचत गट चालवते, पक्षाच्या सभेला बायका गोळा करते, दवाखान्यात कुणाला न्यायचं असलं की रिक्षा घेऊन तीच उभी असते. पक्षाचं काम गावात आज कोण करतं असं विचारलं तर सेठचा मुलगासुद्धा तिचंच नाव घेईल.

खरा वाद नावांचा नव्हता, नाव कसं काढायचं याचा होता. म्हातारे म्हणाले, हात वर करा आणि मोकळे व्हा. तरणी पोरं म्हणाली, चिठ्ठ्या टाका. त्याआधी एका हुशार पोरानं फोनवरच्या गावाच्या ग्रुपमध्ये मतदान टाकून पाहिलं होतं. गुप्त असेल असं त्याला वाटलं. कोणत्या नावाला कुणी बोट लावलं ते खाली नावानिशी दिसतं, हे लोकांच्या ध्यानात येईपर्यंत पंधरा मतं तिला पडली होती. अर्ध्या तासात त्यातली अकरा पुसली गेली. उरलेली चार मी दिवसभर बघत होतो. माझं त्यात नव्हतं. मी बोटच लावलं नव्हतं.

माझी मुलगी इथंच जन्मली, इथंच कॉलेजात शिकते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचं चालतं. तिला मी हा घोळ सांगितला तर म्हणाली की अमेरिकेत पक्षांचे उमेदवार असेच दोन तऱ्हांनी निवडत आले आहेत. काही ठिकाणी शाळेच्या हॉलमध्ये लोक जमतात, याचे लोक या कोपऱ्यात, त्याचे त्या कोपऱ्यात, एकमेकांना समजावतात, ओढतात आणि मग डोकी मोजतात. काही ठिकाणी पडद्याआड जाऊन कागदावर खूण करायची आणि घरी जायचं. मी विचारलं, बरं कोणतं? ‘सीक्रेट बॅलट, ऑब्व्हियसली,’ ती म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली. एवढं उघड असतं तर अब्बा, तुम्ही आयुष्यभर उलटं का बोललात?

तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. दुकानात मशीनवर पाय चालू असायचा, पक्षाचे झेंडे शिवत असायचात, आणि समोर कुणी बसलं असलं की सुरू व्हायचात. पक्ष म्हणजे काय, माणसंच ना? मग त्यांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघून ठरवावं. चिठ्ठीत सगळे सारखे होतात. ज्यानं वीस वर्षं सतरंज्या उचलल्या तो आणि जो काल पक्षात आला तो. बैठकीत उठून कारण सांगावं लागतं, दुसऱ्याचं ऐकावं लागतं, कधी मत बदलावंही लागतं. चिठ्ठी कुणाचं ऐकत नाही. तुम्ही स्वतः उभे राहिलात त्या वर्षी मशिदीच्या मुतवल्लींनी स्वतः येऊन तुम्हाला सुचवलं होतं की समोर थोरल्या सेठचे भाऊ, धाकटे सेठ उभे आहेत, लोक घाबरतील, आपण चिठ्ठ्या टाकू. तुम्ही नको म्हणालात. ज्याला चारचौघांत माझ्यासाठी हात वर करता येत नाही, त्याचं मत घेऊन मी करू काय, असं म्हणालात. अम्मी चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, ‘तुमच्या बैठकीला आम्ही बायका येतोच कुटं? चिठ्ठी असती तर आमची पण पडली असती.’ तुम्ही ते हसण्यावारी नेलंत.

बैठकीचा दिवस मला घडी मोडलेल्या कपड्यासारखा आठवतो, जागोजागी रेघा उठलेल्या. मी तीन वर्षांनी रजेवर आलेलो आहे. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून तांदळाची भाकरी आणि सोड्यांचं कालवण खाताय. मला बघून हात धुता आणि फडताळातून टोपी काढता, पांढऱ्या पॉपलीनची, कडेला बारीक टीप घातलेली. सगळ्या गावाची मापं तुम्ही टेपनं घेतलीत, माझं मात्र नजरेनं, आणि तेही तीन वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून. स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवता आणि विचारता, बसली ना? मी म्हणतो, बसली. मग एकदम आवाज उतरवून तुम्ही म्हणता की आज बैठकीला येऊ नको, दापोलीला जा, बुटणांचा माल आणायचा आहे. बुटणांचे डबे भरलेले होते, मला दिसत होते. माझा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा परवाना, सेठच्या हातात आहे म्हणून तुम्ही मला बाहेर काढत होतात, हेही कळत होतं. मी म्हणालो, मी येणार. तेव्हा किती बरं वाटलं होतं मला, स्वतःबद्दल.

शाळेच्या पडवीत बैठक. तुम्ही आणि धाकटे सेठ पुढं खुर्च्यांवर, लोकांकडं तोंड करून, मध्ये पक्षाचे तालुकाध्यक्ष. पुढं शंभरेक माणूस सतरंज्यांवर. त्या सतरंज्याही सकाळी तुम्हीच झटकल्या होत्या. तुम्ही वीस वर्षांचं काम सांगितलंत, कुणावर टीका केली नाहीत. धाकट्या सेठनी फक्त सलाम केला. अध्यक्षांनी आधी तुमचं नाव पुकारलं आणि पडवीत अशी शांतता झाली की मागच्या वाडीतला रहाट ऐकू आला. तांडेलचा हात वर गेला. मग न्हाव्याचा, मग मुतवल्लींचा, मग मागं बसलेल्या बेलदाराचा. बाकीचे माझ्याकडं बघत होते, कारण घरचा हात आधी, हा आपल्याकडचा रिवाज, आणि घरचा हात अजून खाली होता. तेवढ्यात तुम्ही उठलात. तुमची नजर माझ्यावर होती.

‘थांबा,’ तुम्ही म्हणालात. ‘मी माजं नाव मागं घेतो. माजा पण हात धाकट्या सेठलाच.’

आणि तुम्ही तुमच्याच विरुद्ध हात वर केलात. त्यामागं शंभर हात वर गेले. त्या चौघांना मात्र आपले हात केव्हा खाली घ्यावे ते समजेना. तांडेल तर अध्यक्षांनी निकाल सांगितला तरी तसाच बसून होता. त्याच वर्षी सेठच्या कंपनीत त्याच्या मुलाचा इकामा पुढं वाढला नाही आणि तो इथल्या शुऐबाहून गावी परत आला तो कायमचाच. कारण कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. माझा इकामा वाढला.

रजा संपवून निघालो तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर तुम्ही माझी बॅग धरून उभे होतात. झेंडे शिवणं तुम्ही तेव्हाच सोडलं होतं, आणि पुढं दोन वर्षांत तुम्हीही गेलात. गाडी दिसली तेव्हा म्हणालात, ‘मी बघितलं तुजा हात वर येताना. तू उचललास ना, मग माजी निवडणूक झाली. बाकी काय नाय पायजे.’ ते तुमचे माझ्याशी समोरासमोरचे शेवटचे शब्द.

ही गोष्ट गावात पसरली. बापासाठी नोकरीवर पाणी सोडायला निघालेला मुलगा आणि मुलासाठी उमेदवारी सोडणारा बाप. इथं कुवेतमध्ये नवीन आलेल्या पोरांना ती जेवताना सांगतात. तिच्या जोरावर मी गावाच्या मंडळींचा वडीलधारा झालो. भांडण झालं की मला बोलावतात. शुक्रवारीही तेच झालं. गॅरेजात देगेभोवती तीसेक माणूस, वाद तुटेना, तेव्हा एकजण म्हणाला की ज्यानं सेठसमोर हात उचलला त्यालाच विचारू. मी उठलो. मी म्हणालो की मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आज शिफ्टवर असलेल्या पोरांना हात वर करायला इथं येता येत नाही, चिठ्ठी ती पाठवू शकतात. मी म्हणालो की ज्याची रोटी दुसऱ्याच्या हातात आहे त्याचा हात त्याचा नसतो. तुमचं म्हणणंही सांगितलं, प्रामाणिकपणे, आणि म्हणालो की अब्बांचं चुकलं. कुणी डोळे पुसले. खजुराच्या रिकाम्या खोक्याला भोक पाडलं आणि चिठ्ठ्या पडल्या.

सेठच्या मुलाला अठ्ठावीस, तिला सहा. अब्बा, माझी चिठ्ठी त्या सहांत होती. पण हे मी सांगतोय म्हणून. पुरावा काही नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. रडत नव्हती. आधी मला सलाम केला, तब्येत विचारली. मग म्हणाली, ‘चाचा, मला वीस जणांचे फोन आले. सगळे बोलतात, आमची चिठ्ठी तुलाच होती. मग खोक्यात सहाच कश्या? माज्या बापाला चार हात दिसले तरी होते. मी कुणाला मानू?’

चिठ्ठीनं भीती जाईल असं मला वाटलं होतं. भीती गेली नाही, फक्त लाज गेली. तुमच्या बैठकीत भ्याला तो भ्यालेला दिसत तरी होता. शंभर जणांना पुढं महिनाभर तुमच्या दुकानावरून मान खाली घालून जावं लागलं. इथं वीस जणांना काहीच द्यावं लागलं नाही, आणि वर मर्दपणाही मिळाला. तरी मी अजून म्हणतो की चिठ्ठीच बरी. तांडेलच्या मुलाला परत जावं लागलं नसतं. अम्मीचं मत पडलं असतं. पण चिठ्ठी बरी असं ज्या तोंडानं मी म्हणालो, ते तोंड बरं नाही. कसंबसं मी तिला म्हणालो की माझी तुलाच होती. ती लगेच म्हणाली, ‘तुमचं मी विचारतच नाय, चाचा. तुमचा हात तर अख्ख्या गावानं बघितलाय.’

फोन ठेवल्यावर मी कपाटातून टोपी काढली. पॉपलीन पिवळं पडलंय, तुमच्या टिपेचा अजून एक टाका सुटलेला नाही. गेल्या रजेत तुमच्या कबरीपाशी उभा राहून हे सांगायचं ठरवलं होतं. फातिहा वाचली आणि परत आलो. हा कागदही टोपीत घालून ठेवणार आहे, तांडेलच्या मुलीलाच काय, कुणालाच दाखवणार नाही. सेठची भीती आता उरलेली नाही, म्हातारपणी कोण काय करणार आहे. भीती तुम्ही एस.टी.च्या थांब्यावर जे बोललात त्याची आहे.

टोपी तेव्हा मला तंग होत होती, अब्बा. सकाळी मी बसली म्हणालो ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. बैठकीत ती सारखी वर सरकत होती. तुम्ही पाहिलात तो हात तुमच्या नावाला वर येत नव्हता. मी टोपी खाली ओढत होतो.