कोंब खुडलेला गड्डा

प्रिय नूतन,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, लगेच हुरळून जाऊ नकोस. तुझी श्रेया परवा येडगावला येऊन गेली. डासांसाठी तू हौदात ब्लीचिंग पावडर ओतलीस आणि पांढरी कुमुदिनी मुळासकट कुजली म्हणे. आता माझ्याकडचा एक गड्डा हवाय. मागायला लेकीला पाठवलंस, स्वतः यायला पाय मोडले होते का गं?

तुझ्या माहेरचं तळं बुजवून प्लॉट पाडले, तेव्हा ती कुमुदिनी फक्त तुझ्या घोडेगावच्या हौदात उरली. येईल त्याला मिरवून दाखवायचीस. मी मैत्रीण म्हणून तीनदा गड्डा मागितला, तीनदा तू हसत दिलास, वर चहा पाजलास. पहिले दोन माझ्या सिमेंटच्या टाकीत कुजले. मी माती बदलली, शेणखत बंद केलं, पाणी कमीजास्त करून पाहिलं. तू म्हणायचीस, इंदे, तुझ्या हाताला गुणच नाही. आणि मी मूर्ख, ते खरं धरून रडले. तिसरा लावताना आमच्या भिकामामांनी तो हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, आगं, ह्याचा कोंब नखानं खुडलाय की, ह्यो उगवंल कसा? पण खालच्या अंगाला मोहरीएवढा एक कोंब तुझ्या नजरेतून सुटला होता. माझी अख्खी टाकी तुझ्या त्या एका चुकीवर फुलली आहे. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी तुझ्या दारात पाऊल ठेवलं नाही आणि का, ते तू एकदाही विचारलं नाहीस. विचारशील कशी, तुला ठाऊकच होतं.

आज सकाळी तुझ्यासाठी गड्डा काढला, चांगला जाडजूड. त्याचे सगळे कोंब नखानं खुडले, खालचासुद्धा. ओल्या फडक्यात गुंडाळून आळेफाट्याला गेले, घोडेगावच्या टेम्पोवाल्याकडे पिशवी दिली, आणि टेम्पो सुटायच्या आत पळत जाऊन परत घेतली. लई लाज वाटली. त्याहून जास्त तुझाच राग आला, की मलाही तुझ्यासारखं करून ठेवलंस. म्हणून हे पत्र. गड्डा पाठवणार नाही. हवा असेल तर स्वतः ये, माझ्या टाकीत कोपरापर्यंत हात घाल आणि तुझा तूच उपट. मी शेजारी उभी राहीन, पण हात लावणार नाही. माझ्या हातांचा आज मलाच भरवसा नाही.

अजून तरी तुझीच,
इंद्रायणी